पिवळ्याचा ठिपका

खंदारेभाऊंनी मला पहिल्याच दिवशी घरी परत पाठवलं होतं. साडी बदलून या म्हणून.

नवी नोकरी, म्हणून मी ठेवणीतली लाल साडी नेसून गेले होते. वसमतला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर करीमभाईंचा छापखाना होता. बाहेर मशीन, आतल्या खोलीत दोन कॉम्प्युटर. एकावर मी बसून मजकूर टाईप करायचा होता. दुसऱ्यावर खंदारेभाऊ बसत. त्यांनी खुर्ची फिरवून माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या पडद्याकडं पाहिलं, आणि परत माझ्याकडं.

"बाई, नाव काय तुमचं?"

"शोभा."

"शोभाबाई, राग धरू नका. पण घरी जाऊन साडी बदलून या. पांढरी न्हाईतर राखी. तुमच्या साडीचा लाल माझ्या पडद्यावर येऊन राहिला."

मी खाली मान घालून म्हणाले, "सवाष्ण बाईनं पांढरी कशी नेसायची?"

ते एकदम ओशाळले. उठून उभेच राहिले. "चुकलं माझं. फिकी कोणती बी चालंल. फिकी असली म्हंजे झालं."

मी घरी गेले, ट्रंकेतून विटलेली राखाडी सुती साडी काढली आणि परत आले. पुढं बारा वर्षं मी त्या छापखान्यात असल्याच साड्या नेसून गेले. सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्या माणसानं मला कसलं तरी व्रत दिलंय.

खोलीच्या भिंतीही त्यांनी राखाडी करून घेतल्या होत्या. करीमभाई आले की कुरकुरायचे, "भाऊ, दीवार को ये कैसा कलर मार दिया? गिऱ्हाइक अंदर आता तो उसका मूड उतर जाता."

भाऊ पडद्यावरून नजर न काढता सांगायचे, "भिंतीनं गप बसाया पायजे, करीमभाई. ती बोलाया लागली की पडद्याचं ऐकू येत न्हाई."

उंच, जरा पुढं वाकलेला माणूस. तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. अंगावर रोज पांढरा शर्ट, कारण तेच, पडद्यावर रंग पडू नये. आल्याबरोबर कॉम्प्युटर चालू करायचे आणि अर्धा तास त्याला हात लावायचे नाहीत. "गरम होऊ द्या त्याला. झोपेतून उठलेल्या माणसाला रंग इचारू न्हाई," म्हणायचे. त्या अर्ध्या तासात ते बाहेरच्या नळावर हात धुवायचे, चष्मा धुवायचे, आणि आदल्या दिवशी छापून आलेले कागद घेऊन रस्त्यावर जायचे. रंग बघायची त्यांची जागा ठरलेली होती. समोरच्या सायकलच्या दुकानाच्या सावलीत, सकाळी दहाच्या सुमारास. उन्हात नाही, ट्यूबलाईटखाली तर मुळीच नाही. सायकलवाला सरकून जागा द्यायचा. जाणारे-येणारे बघायचे, हा माणूस पत्रिका वाचतोय की काय, एवढा वेळ.

त्यांचं काम काय होतं हे मला कळायलाच सहा महिने लागले. आमचं मशीन एकरंगी. रंगीत काम असलं की तोच कागद चार वेळा मशीनमधून काढायचा. आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा, मग काळा. या चार शायांतून जगातले सगळे रंग काढायचे. भाऊ पडद्यावर काम तयार करायचे, त्यातले चार रंग वेगळे करून द्यायचे. ती फाईल सकाळच्या एसटीनं नांदेडला जायची. तिथून चार फिल्म यायच्या, एकेका रंगाची एकेक, पण दिसायला सगळ्या काळ्याच, बारीक ठिपक्यांच्या. त्यावरून प्लेट, प्लेटवरून छपाई. म्हणजे आज पडद्यावर लावलेला रंग खरा कसा आहे ते चार दिवसांनी कागदावर दिसायचं. मधले चार दिवस भाऊ त्या कामाबद्दल बोलायचे नाहीत.

"पडदा उजेड देतो आणि कागद उजेड घेतो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. गिऱ्हाइक पडद्यावरचा झगझगीत रंग बघून खूश व्हायचं आणि म्हणायचं, बस, असाच पाहिजे. भाऊ थकल्यासारखे सांगायचे, असा येणार न्हाई. मग तेच वाक्य. मग गिऱ्हाइक करीमभाईंकडं जाऊन तक्रार करायचं की तुमचा माणूस कामाला नाही म्हणतो.

एकदा मोंढ्यातले एक व्यापारी हळदीच्या पाकिटासाठी आले. कागदाच्या पुडीत चिमूटभर हळद आणली होती. "हा रंग." भाऊंनी पुडी घेतली, पांढऱ्या कागदावर हळद पसरली, बाहेर सावलीत जाऊन पाहिली. तीन दिवस त्यांनी त्या हळदीवर घालवले. पिवळ्यात गुलाबी किती, निळ्याचा एक थेंब पडला तर हिरवट होते, असं पुटपुटत. नमुना छापून आला तेव्हा व्यापाऱ्यांनी तोंड वाकडं केलं. "अजून पिवळं करा. चकाकलं पाहिजे."

"शेठ, हळद तुमची अशीच हाय."

"हळद असू द्या. पाकीट पिवळं करा."

"बाई घरी जाऊन पाकीट फोडंल. बाहेरची हळद पिवळी आन् आतली करडी दिसली तर शिव्या कुणाला दील? मला न्हाई देणार."

व्यापारी हसले. पाकीट भाऊंच्या रंगानं छापलं गेलं. ते नंतर कित्येक वर्षं बाजारात होतं. किराणा दुकानात दिसलं की भाऊ एकदा उचलून उलटसुलट करून बघायचे आणि परत ठेवायचे.

माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतीत ते याहून हट्टी. लग्नपत्रिकेवर नवरा-नवरीचे फोटो टाकायची पद्धत तेव्हा नुकती आली होती. पोरीचा बाप हळूच म्हणायचा, जरा गोरी करा. भाऊ म्हणायचे, "पोरगी चांगली हाय की. काहून बिघडवू?" पुढारी मंडळींनाही हेच. एका उमेदवाराला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "साहेब, लोक तुमाला वळखले पायजेत ना?" आपल्याकडच्या चेहऱ्याचे त्यांचे ठोकताळे होते. सावळ्या चेहऱ्यात पिवळा गुलाबीपेक्षा वरचढ, निळा त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याला. मला त्यांनी हे शिकवलं, पण शिकवून झाल्यावर लगेच म्हणाले, "आकडे सुरुवातीला. शेवट डोळ्यानंच कराया लागतो."

त्यांना आपल्या डोळ्याचा अभिमान होता. दुसरा कसलाच नव्हता. जयंतीच्या वेळी एका कमिटीची पोरं रडकुंडीला येऊन आली होती. दुसरीकडं छापलेल्या पोस्टरवरचा निळा जांभळा आला होता. हा निळा भाऊंच्याही घरचा, त्यांच्या दारावर तोच झेंडा. त्यांनी पोरांची फाईल उघडली, गुलाबी निम्म्याच्या जवळ खाली आणला, डोळे मिटले, उघडले, अजून थोडा खाली आणला. "हा घ्या. ह्याच्यापेक्षा जास्त निळा कागदाला झेपत न्हाई." पोस्टर आलं तेव्हा पोरांनी त्यांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं.

मग जिल्हा वेगळा झाला. गावोगावच्या शाळा, सोसायट्या, दवाखाने यांच्या कागदांवर परभणीच्या जागी हिंगोली करायचं काम आमच्याकडं आलं. वर्षभर मी तेवढंच केलं असं आता वाटतं. लाईट दिवसातून दोन-तीनदा जायची. गेली की पडदा थंड, आली की पुन्हा अर्धा तास. भाऊ अंधाऱ्या खोलीत चष्मा काढून, डोळ्यांवर तळवे ठेवून बसलेले असायचे. मला वाटायचं, विश्रांती घेत आहेत.

पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती अशी की ते कागद घेऊन बाहेर जास्त वेळ थांबायला लागले. दुसरी अशी की मशीनवर असलेल्या दत्ता राठोडला ते टोकायला लागले. दत्ता जवळच्या तांड्यावरचा, हाताला स्वच्छ, पंधरा वर्षं त्याच मशीनवर. त्याला ते सांगायचे, "दत्ता, पिवळा जास्त सोडला." दत्ता कागदाकडं बघायचा, त्यांच्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "व्हय भाऊ."

त्याच सुमाराला ते कार्ड आलं.

औंढ्याच्या वाटेवरच्या एका गावचे गृहस्थ. एसटीत कंडक्टर होते. त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी तापानं गेली होती. परभणीला डी.एड. करत होती. तेरवीला वाटायला फोटोचं रंगीत कार्ड हवं होतं आणि त्यांच्याकडं कॉलेजच्या ओळखपत्राचा एकच बरा फोटो होता. सावळी, दोन वेण्या, ओठ मिटलेले पण हसू आवरलेलं. भाऊंनी तो फोटो स्कॅन करून दोन दिवस त्यावर काम केलं. ओळखपत्रावरचा अर्धा शिक्का गालावर आला होता, तो त्यांनी असा काढला की कुणाला कळलं नसतं.

कार्डं छापून झाली. ते गृहस्थ न्यायला आले. गठ्ठ्यातलं वरचं कार्ड हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहिले. मग कुणाला दोष न देता, नुसतं सांगावं तसं म्हणाले, "दवाखान्यातून आणली तवा अशीच दिसत होती."

मी उठून पाहिलं. चेहरा निळसर पडला होता, तसं मी म्हणालेही. ओठांवर रंगच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेरवी. पुन्हा छापायला वेळ नव्हता. ते गृहस्थ तशीच कार्डं घेऊन गेले. करीमभाई त्यांच्यामागून रस्त्यापर्यंत गेले, काहीतरी बोलले आणि परत येऊन नुसते खुर्चीत बसले. भाऊंनी आमच्याकडं राहिलेलं एक कार्ड हातात घेतलं, बाहेर सावलीत नेऊन पाहिलं. परत आले ते थेट मशीनपाशी. "दत्ता, निळी शाई वतली का रे तू? कुणाच्या लेकीचं काम हाय एवढं तरी बघाया पायजे व्हतं." दत्तानं मान खाली घातली.

संध्याकाळी भाऊ गेल्यावर मी ती फाईल उघडली. गालावर कुठली शाई किती टक्के आहे तो आकडा पाहिला. निळा जिथं असायला हवा तिथंच होता. पिवळा निम्म्यानं काढून टाकलेला होता. चेहऱ्यातून पिवळा काढला की मागं गारठा उरतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

मी दत्ताला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "मला ठाव हाय, ताई. त्यांना सगळंच पिवळं दिसून राहिलंय. माझ्या बापाचं असंच झालं व्हतं. मोतीबिंदू."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी बोलता का?"

मी बोलले नाही. काय बोलायचं होतं? डोळ्याशिवाय त्यांच्याजवळ काही नव्हतं आणि तोच गेलाय, हे मी सांगायचं? मला रंग त्यांनीच दाखवले होते. मी दुसरा मार्ग धरला. फाईल सीडीवर घालून नांदेडला पाठवायचं काम माझ्याकडं होतं. रोज संध्याकाळी ते गेले की मी त्यांची फाईल उघडायचे, चेहऱ्यातला, धान्यातला, मातीतला पिवळा वाढवायचे, आणि मग सीडी करायचे. सकाळी दत्ताकडं बघून मान हलवायची. छापून आलं की भाऊ म्हणायचे, पिवळा जास्त सोडला. दत्ता म्हणायचा, व्हय भाऊ, कमी करतो. मशीनच्या शाई कमी-जास्त करायच्या चाव्यांना तो हातही लावायचा नाही. गिऱ्हाइक खूश असायचं.

दीड वर्ष असं चाललं. खोटेपणा करायला काही फार कष्ट पडत नाहीत असं वाटतं, पण मला पडले. घरी जायला रोज उशीर, सासूबाईंची बोलणी, आणि सकाळी त्यांच्या शेजारी जाऊन बसायचं. ते आपले तासन् तास एका चेहऱ्यावर काम करायचे आणि मला माहीत असायचं की संध्याकाळी मी हे पुसणार आहे. त्यांचं एखादं काम खरोखर सुरेख जमलेलं असायचं, फक्त तेवढा पिवळा सोडून. अशा दिवशी जास्त वाईट वाटायचं.

एका उन्हाळ्यात दत्ता तांड्यावर लग्नाला गेला. नांदेडहून एका पतपेढीच्या कॅलेंडरच्या फिल्म आल्या होत्या. एरवी त्या दत्ता तपासायचा. त्या दिवशी भाऊंनी स्वतः घेतल्या. खाली ट्यूबलाईट असलेलं काचेचं टेबल होतं, त्यावर चार फिल्म मांडल्या आणि भिंगातून बघायला लागले. फिल्मवर रंग नसतो. काळे ठिपके असतात, मोठा ठिपका म्हणजे जास्त शाई. ठिपका केवढा आहे हे बघायला रंग दिसावा लागत नाही, आणि ठिपके वाचण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

मी टाईप करत होते. मागं काही आवाज येईना म्हणून वळले. ते भिंगाला डोळा लावून तसेच वाकलेले होते. एक फिल्म झाली, परत तीच. मग त्यांनी टेबलाखालची लाईट बंद केली, जागेवर येऊन बसले, लावलेले आकडे टिपायच्या आपल्या वहीत काहीतरी पाहिलं आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी मॉनिटर गरम होण्याच्या अर्ध्या तासात, हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, "शोभाबाई, पिवळ्याचा ठिपका कुणी वाढवला?"

"मी," एवढंच म्हणाले.

"कवापासून?"

"दीड वर्ष झालं, भाऊ."

"सगळ्या कामात?"

"जिथं लागेल तिथं."

ते खाली बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत राहिले. मला वाटलं ते रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, "त्या पोरीच्या कार्डात?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं. त्याच्यानंतर सुरू केलं."

"म्हंजे ते माझंच व्हतं."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"आन् मी दत्ताला बोललो."

दत्ता दोन दिवसांनी परत आला. भाऊ दारातच उभे होते. त्यांनी त्याला आत येऊ दिलं, पाणी पिऊ दिलं आणि मग सगळ्यांसमोर, करीमभाईंसमोर, म्हणाले, "दत्ता, चूक माझी व्हती. कार्डाची बी, आन् ह्या दीड वर्षाची बी. रोज तुला पिवळ्यावरून बोलून राहिलो."

दत्ता लाजला. "जाऊ द्या भाऊ. मी तरी कुठं कमी करत व्हतो?"

करीमभाई हसले आणि हसता हसता तोंड फिरवून बाहेर गेले. भाऊ हसले नाहीत.

ऑपरेशन नांदेडला झालं. एका डोळ्याचं आधी. दुसऱ्याचं सहा महिन्यांनी करू म्हणाले डॉक्टर. पट्टी निघाल्यावर आठ-दहा दिवसांनी भाऊ काळा चष्मा लावून छापखान्यात आले. खोलीत येऊन चष्मा काढला. एक डोळा हातानं झाकला, मग दुसरा. पुन्हा पहिला.

"ह्या भिंती अशा निळसर हायत व्हय?"

"राखाडी आहेत, भाऊ."

"ह्या डोळ्यानं राखाडी. ह्या डोळ्यानं चहा सांडल्यावानी."

मग त्यांनी कपाटातून नमुन्यांचे गठ्ठे काढले. आम्ही प्रत्येक कामाची एक प्रत ठेवत असू. दोन-अडीच वर्षांतली सगळी कामं त्यांनी टेबलावर पसरली आणि एक डोळा झाकून एकेक बघत गेले. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, शाळांची माहितीपत्रकं. जेवायला उठले नाहीत. अधूनमधून एखादी बाजूला ठेवायचे. सगळं संपल्यावर म्हणाले, "चांगलं झालंय. हे काम चांगलं झालंय, शोभाबाई." आणि जरा थांबून, "माझं न्हाई त्यातलं, पण चांगलं झालंय."

मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं आणि गठ्ठे बांधायला घेतले.

बाजूला ठेवलेलं एकच कार्ड होतं. त्या मुलीचं. तिचा स्कॅन केलेला फोटो माझ्याकडं होता, मी तो पुसला नव्हता. भाऊंनी मला शेजारी बसवलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, "आकडे तुमी सांगा. मी डोळ्यानं बघतो." आम्ही दोघांनी मिळून तो चेहरा पुन्हा केला. दत्तानं दुसऱ्या एका कामाच्या कागदाच्या कोपऱ्यात तो बसवून छापला आणि कापून दिला. मूठभर प्रती निघाल्या.

एका रविवारी भाऊ आणि मी एसटीनं त्या गावाला गेलो. एकट्यानं जायला त्यांना धीर होत नसावा, तसं ते म्हणाले नाहीत. घर सापडलं. कंडक्टरसाहेब रिटायर होऊन घरीच होते. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. छापखान्याचं नाव सांगितल्यावर ओळखलं आणि "बसा" म्हणाले. पाणी आलं. भिंतीवर ते जुनं कार्ड फ्रेम करून लावलेलं होतं. दोन वर्षांच्या उजेडानं आणखी उडालेलं, निळं.

भाऊंनी पिशवीतून पाकीट काढलं. "साहेब, तुमच्या लेकीचं काम माझ्या हातून बिघडलं व्हतं. माझ्या डोळ्यात दोष व्हता, मला कळला न्हाई. आता बराबर करून आणलंय."

कंडक्टरसाहेबांनी प्रत हातात घेतली आणि बघतच राहिले. मग आत हाक मारली. त्यांची बायको पदराला हात पुसत आली. तिनं फोटो दाराच्या उजेडात धरला. तिच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी हललं. "व्हय. अशी व्हती माझी पोरगी," ती म्हणाली. गालावरून बोट फिरवलं. "अशीच व्हती."

भाऊ उठले, भिंतीवरच्या फ्रेमकडं गेले. "फ्रेम खाली घ्या, मी आत्ताच बदलून देतो."

"न्हाई," ती बाई म्हणाली. "ती राहू द्या."

"पण तो रंग चुकीचा हाय, माय."

"आसंल. पण दोन वर्स मी तिच्याशीच बोलून राहिले, भाऊ. तिला काढून कुठं ठिऊ?"

भाऊ परत येऊन बसले. चहा आला, तो प्याले. नवी प्रत त्या बाईनं पोथीत ठेवावी तशी एका वहीत ठेवली आणि वही कपाटात. निघताना कंडक्टरसाहेब फाट्यापर्यंत सोडायला आले आणि आमच्यासाठी हात करून एसटी थांबवली. गाडीत भाऊ खिडकीशी बसले. वसमतला उतरताना म्हणाले, "लई दमलो आज."

त्यानंतर ते दमलेलेच राहिले. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही झालं. डोळे अगदी स्वच्छ झाले. पण काम त्यांना पहिल्यासारखं ओढत नसे. पडद्यावर काही केलं की मला विचारायचे, "तुमाला काय वाटतं?" मी म्हणायचे, बराबर आहे, भाऊ. ते म्हणायचे, "आकडा बघून सांगा."

तेवढ्यात फ्लेक्स आलं. करीमभाईंच्या पुतण्यानं मेन रोडला मशीन टाकलं. दहा फुटी चेहरे तासाभरात. कुणाचे गाल संत्र्यासारखे, कुणाचे गुलाबी, कुणाला फरक पडत नव्हता. आठ दिवसांनी ते उतरायचंच असतं. रंगीत कामं हळूहळू तिकडं गेली. आमच्याकडं पावतीपुस्तकं आणि साध्या पत्रिका उरल्या, त्यांना खंदारेभाऊंची गरज नव्हती. कुणी त्यांना येऊ नका म्हटलं नाही. ते आठवड्यातून चार दिवस यायला लागले, मग दोन, मग कुठलं तरी निमित्त काढून एखाद्या दिवशी. निरोप-बिरोप काही झाला नाही. एक दिवस करीमभाईंनी त्यांच्या कॉम्प्युटरवर कापड टाकलं, आणि ते तसंच राहिलं. पुढं माझा खांदा धरायला लागला. वर्षभरानं मीही सोडलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते वसमतच्या स्टेशनवर. मोठे रूळ टाकून गाडी नव्यानंच सुरू झाली होती. मी बहिणीकडं हिंगोलीला निघाले होते. भर दुपार, एप्रिल-मे असेल. फलाटाच्या टोकाला कडुलिंबाखालच्या बाकावर एक माणूस चपला उशाला घेऊन झोपला होता. जवळ गेल्यावर कळलं, भाऊ. तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबलेला. किती गाढ झोपले होते. उठवावं की नाही, कळेना. तेवढ्यात गाडीची घंटा झाली.

"भाऊ," मी खांद्याला हात लावला. "भाऊ, गाडी येतेय. उठा."

त्यांनी डोळे उघडले. मला ओळखायला क्षणभर लागला. मग हसून उठून बसले. "शोभाबाई. कुठं चाललात?"

"हिंगोलीला. तुम्ही?"

"मी कुठं बी न्हाई."

"मग इथं?"

"घरी लाईट न्हाई दुपारची. इथं वारा लागतो." त्यांनी बाकावर हात फिरवला. "रोज येऊन राहिलो. स्टेशनमास्तर काई म्हणत न्हाई. खांदा कसा हाय तुमचा?"

खांदा बरा आहे, मी म्हणाले. त्यांच्या सुनेचं विचारलं, नातवाचं विचारलं. गाडी आली. माझी पिशवी त्यांनी डब्यात चढवून दिली, मी नको म्हणत असताना. मला खिडकीची जागा मिळाली. गाडी हलेपर्यंत ते फलाटावर उभे होते. गाडी सुटल्यावर त्यांनी हात वर केला. बाकाकडं वळले तर तिथं एक बाई गाठोडं आणि दोन लेकरं घेऊन बसली होती. ती उठायला लागली. भाऊंनी तिला हातानंच बस म्हटलं, आपल्या चपला उचलल्या, लिंबाच्या बुंध्याशी टेकून खाली बसले, आणि डोळे मिटले.